भूपालअण्णांचा शाकाहारी ड्रम

भूपालअण्णा चौगुल्यांच्या घरात देवघराला लागून एक फळी आहे. तिच्यावर समई नाही, पोथी नाही. तिथं पितळेचा एक ड्रम बसलेला असायचा. पलटणीच्या संचलनात नाहीतर जुन्या बँड पार्टीत कमरेला पट्टा लावून दोन काठ्यांनी वाजवतात, तसला साइड ड्रम. त्याच्या खालच्या तोंडावर बारीक तारा ताणलेल्या असतात, त्यामुळं वर काठी पडली की गरम वाळूत फुटाणे उडावेत तसा कडकड आवाज निघतो. त्रिशलाकाकू रोज पूजा आटोपली की जाता जाता ड्रमवरही एक फूल ठेवायच्या. दसऱ्याला गंध, हळदकुंकू. त्या घरात देवाच्या खालोखाल मान ड्रमला आणि ड्रमच्या खालोखाल भूपालअण्णांना, असं गल्लीत सगळे म्हणायचे. त्रिशलाकाकूंनी हे कधी खोडून काढलं नाही.

आता जैनाच्या घरात, तेही देवघराशेजारी, ड्रम कसा, असा प्रश्न तासगावात नव्यानं आलेल्या माणसाला पडायचा. जुन्यांना पडत नसे, कारण उत्तर सगळ्यांना पाठ होतं. अण्णांचे वडील बाबगोंडा यांनी तो सांगलीतल्या एका मोडीत निघालेल्या बँड पार्टीकडून आणला होता. घेताना त्यांनी बँडमास्तरला विचारलं होतं, "ह्याला कातडं न्हाई न्हवं? आमच्यात चालत न्हाई." मास्तरला ड्रम खपवायचा होता. तो म्हणाला, "छ्या! विलायती कागद हाय मालक. आनि तारा रेशमाच्या." बाबगोंडांनी ड्रम उन्हात धरून बघितला. वरचं तोंड साईच्या रंगाचं, पातळ, आतला उजेड बाहेर दिसणारं. कागदच. एकदा बाबगोंडा चौगुल्यांनी गोष्ट मानली की ती घरानं मानायची, गल्लीनं मानायची आणि कुणी पाहुणा आला तर त्यानंही मानायची.

शिवाय पुरावा होताच. पावसाळ्यात ड्रम सैल पडायचा, उन्हाळ्यात टणक व्हायचा. भूपालअण्णा सांगायचे, "कागदच त्यो. दमट झाला की लोळतोय." म्हणून त्याला पाणी लावायचं नाही, तेल तर मुळीच नाही. मऊ धोतराच्या तुकड्यानं पुसायचा आणि वर्षातून दोनदा टाल्कम पावडर फिरवायची. नातवंडांना पावडर मिळायची नाही, ड्रमला मिळायची.

हे सगळं कशासाठी? महावीर जयंतीसाठी. त्या दिवशी सकाळी बस्तीतून, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरातून, पालखी निघते. पालखीच्या पुढं पांढऱ्या कपड्यांतलं वाद्यपथक, पथकाची पुढची रांग आणि त्या रांगेच्या बरोबर मधोमध भूपालअण्णा. साठी उलटली, पोट पुढं आलं, त्यामुळं ड्रमचा पट्टा दरवर्षी एक भोक मागं सरकत गेला. पण जागा हलली नाही. मागं नव्या पोरांचे प्लास्टिकच्या तोंडाचे चकचकीत ड्रम होते. ते सगळे एकदम वाजले तरी अण्णांचा ड्रम वेगळा ऐकू यायचा. बेदाण्याला चांगला भाव आला तर अण्णा दोन दिवस खूष असायचे. त्या जागेवर मात्र वर्षभर खूष असायचे.

अण्णांच्या डाव्या हाताला त्यांचा बालमित्र कीर्तीकुमार पाटील ढोलकी घेऊन असायचा. दोघांची शाळा एक, बोअरची वाटणी एक, भांडणं अगणित. मागच्या वर्षी चौकात कीर्तीनं ढोलकीचा असा काही तुकडा वाजवला की माड्यांवरनं बायकांनी टाळ्या पिटल्या. अण्णा त्या दिवशी जेवताना गप्प होते. बाकी कुणाच्या ध्यानात आलं नसेल, शेजाऱ्यांच्या आलं.

यंदा जयंतीला मुनी महाराजांचा संघ तासगावात येणार असं ठरलं, आणि बस्तीत बैठक बसली. पथकाचा नवा प्रमुख सम्मेद, इंजिनिअर झालेला, नम्र पोरगा. त्यानं सांगितलं, "महाराज सोबत असणार आहेत. मिरवणुकीत कुणी कातडी पट्टा, पाकीट, चप्पल घालून येऊ नका."

एवढ्यावर बैठक संपत होती. पण भूपालअण्णा उठले.

"आनि वाद्यं?"

"वाद्यांचं काय, अण्णा?"

"नियम म्हंजे नियम. कीर्तीच्या ढोलकीला बकऱ्याचं कातडं हाय. पाकीट चालत न्हाई आनि ढोलकी चालती व्हय?"

कीर्ती बसल्या जागेवरनं वळला. "आनि तुजा नगारा रं?"

"माजा कागदाचा हाय. सगळ्या गावाला ठावं हाय."

लोक हसले. सम्मेदनं मान खाली घातली; नियम त्याच्याच तोंडातनं निघाला होता, करणार काय? कीर्तीनं घरी जाऊन ढोलकी पोत्यात गुंडाळली आणि ट्रॅक्टरच्या शेडात टांगली. दुसऱ्या दिवसापासून बोअरचं पाणी सोडायची पाळी आली तर तो भूपालअण्णांना हाक मारण्याऐवजी गड्याकडून निरोप धाडायला लागला.

इकडं त्रिशलाकाकूंनी घराला रंग द्यायला काढला. संघ येणार, महाराजांचा आहार, म्हणजे दिवसातलं एकदाचं जेवण, आपल्या दारी झाला तर भिंती बऱ्या दिसायला नकोत का? रंगाच्या ओल्या वासात ड्रम ठेवायचा कुठं? अण्णांनी डोकं चालवलं. मळ्यातली बेदाण्याची शेड! चहूकडनं वारा, वर पत्रा, आत कोरडं ठाक. कागदाला याच्याहून चांगली जागा नाही. त्यांनी ड्रम सुती पंच्यात बांधला आणि शेडच्या वरच्या जाळीवर ठेवला.

डोकं निम्मंच चाललं. बेदाण्याला पिवळाधमक रंग यावा म्हणून शेडला ताडपत्री लावून आत गंधकाची धुरी देतात. खोकला येतो, डोळ्यांतनं पाणी येतं. ही धुरी अण्णांनी स्वतः उभं राहून दिली. द्राक्षं सोन्यासारखी झाली. चार दिवसांनी पंचा सोडला तर पितळेचा ड्रम तव्यासारखा काळा. कडेचे स्क्रू, ज्यांनी दोन्ही तोंडं ताणायची, ते सगळे हिरवट गंज धरून जाम बसलेले. एकही हलेना. आणि त्यातले दोन आधीच सैल होते, त्यामुळं काठी मारली की एका बाजूनं कडकड आणि एका बाजूनं भसभस.

अण्णांचा चेहराही तसाच झाला. जयंती तोंडावर आलेली. सांगलीत वाद्यांच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "आमी तबला-पेटीवाले. हे पलटणीचं काम. कोरेगावला मानसिंग बर्गे म्हणून रिटायर हवालदार हाय, बँडात होता. सातारा जिल्ह्यातले सगळे जुने ड्रम त्याच्याकडं जात्यात."

अण्णा विट्याला एसटी बदलून, रहिमतपूरवरनं कोरेगावला गेले. ड्रम मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "काय घेऊन चाललाय?" अण्णा म्हणाले, "आजारी माणूस."

मानसिंग बर्गे उंच, मिशाळ आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. निम्मी वर्षं पलटणीत ड्रम वाजवण्यात गेली आणि उरलेली त्याच्या गोष्टी सांगण्यात जाणार, असं त्याची बायको मनुबाई म्हणायची. त्यानं ड्रम ओसरीवर ठेवला, भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आवं पाव्हणं, ह्यो तर आमच्या आज्याच्या वयाचा हाय! असा माल आता बनत न्हाई. काय केलंसा ह्येचं?"

"धुरी लागली."

"कसली धुरी? भूतबाधा झालती काय?"

अण्णांनी बेदाण्याचं सांगितलं. मानसिंग एवढा हसला की मनुबाई आतनं बघायला आली. मग तो कामाला लागला. एकेका स्क्रूवर डिझेलचा थेंब सोडला, लाकडी दांड्यानं हळूहळू ठोकत राहिला. जोर कुठंच केला नाही. म्हणाला, "घाई केली की पितळंचं कान तुटत्यात. कुणालाबी घाईनं फिरवाय जाऊ ने." पहिला स्क्रू हलला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला.

काळं काढताना मानसिंगनं ब्रासोचं फडकं एकदाच फिरवलं. "लय चमकवू नका. दर बारीला जरा जरा पितळ जातंय. पोरीला पावडर लावताव तसं, वरवर." मग त्यानं ताणायला घेतलं. एक स्क्रू अर्धा फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा अर्धा फेरा, मग आडवे. प्रत्येक स्क्रूच्या जवळ, कडेपासून बोटभर आत, काठीचं टोक टेकवायचं आणि कान लावायचा.

"ऐका. इथं टण्ण. आनि इथं?"

"टण."

"म्हंजे हितलं ढिलं. सगळीकडनं एकच बोल आला पायजे. खालचं तोंड वरच्यापरास जास्त कसायचं. तारा नुसत्या टेकवायच्या, गळा दाबायचा न्हाई."

अण्णा वाकले होते, मानसिंग वाकला होता; दोघांची डोकी ड्रमवर जवळजवळ आपटत होती. अर्धा फेरा, टकटक, कान. अर्धा फेरा, टकटक, कान. शेवटी मानसिंगनं दोन काठ्या घेतल्या आणि एक लांब सरसर काढली. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. अण्णांना वाटलं, आपण आजवर निम्माच ड्रम वाजवत होतो.

"लय जपलाय तुमी," मानसिंग म्हणाला. "तेल न्हाई लावलं, पानी न्हाई लावलं. लोक तेल चोळत्यात आनि वाट लावत्यात. ह्ये कशानं सुचलं?"

अण्णा छाती काढून म्हणाले, "कागदाला तेल लावतंय व्हय कोन?"

"कसला कागद?"

"ह्योच की. विलायती."

तेवढ्यात मनुबाई चहा घेऊन आली. तिनं बशी ठेवली आणि सहज, अगदी सहज विचारलं, "पाव्हणं, तुमी चौगुले म्हंजे जैन न्हवं? मग वासराचं कातडं चालतंय व्हय तुमास्नी?"

अण्णांनी उचललेली बशी परत खाली ठेवली.

मानसिंग थट्टा करणारा माणूस, पण यावेळी त्यानं थट्टा केली नाही. ड्रमचं वरचं कडं जरा उचलून, आत घडी घातलेली कातड्याची कड दाखवली. तिथं बारीक, सोनेरी लव अजून शाबूत होती. कागदाला लव येत नाही, हे भूपालअण्णांनाही कळत होतं.

"आनि खाली?" अण्णांनी विचारलं. आवाज भसभस झाला होता. "त्या रेशमाच्या तारा?"

"तात हाय. आतड्याची." मानसिंग म्हणाला. "जाऊ द्या की पाव्हणं. कोन आत डोकावून बघतंय?"

"प्लास्टिक बसंल का?"

"न्हाई. ह्येचा घेर जुन्या मापाचा हाय, आताच्या प्लास्टिकपेक्षा जरा थोरला. मी मागं असल्या एकाला बसवून बघितलंय. बसत न्हाई. ह्ये कातड्याचंच भांडं."

परतीच्या एसटीत ड्रम पुन्हा मांडीवर होता, पण आता अण्णांना पाय कुठं ठेवावेत कळेना. मांडीवर वासरू असल्यासारखे ते आखडून बसले. ड्रम इतका सुंदर आयुष्यात कधी वाजला नव्हता. पुढची रांग, मधली जागा, सोबत महाराज. आणि खरं माहीत असलेली दोनच माणसं, तीही कोरेगावात. गप्प बसलं तर काही बिघडत नव्हतं. फक्त कीर्तीचं तोंड डोळ्यांसमोरनं हलत नव्हतं, बैठकीत वळून बघणारं.

घरी रंग वाळला होता. त्रिशलाकाकूंनी फळी पुसून ठेवली होती, फूल हातात. अण्णा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"या की आत. काय झालं, दुरुस्त न्हाई झाला?"

"झाला."

"मग?"

अण्णांनी सांगितलं. आधी तोंडाचं, मग तातेचं. काकूंनी हातातलं फूल बघितलं, ड्रम बघितला, मग नवऱ्याला बघितलं.

"म्हंजे मी लगीन झाल्यापास्नं वासराच्या आतड्याला हळदकुंकू वाहत हुते?"

"मला तरी कुठं ठावं हुतं गं?"

"तुमास्नी कायच कवा ठावं नसतंय! मामंजींनी कागद म्हटलं की कागद. उद्या म्हशीला मोटारगाडी म्हटले असते तर तुमी डिझेल पाजलं असतं!" मग त्यांनी आवाज खाली आणला, कारण शेजाऱ्यांची खिडकी उघडी होती. "आता ह्ये घरात न्हाई यायचं. आनि महाराजांच्या समोर तर न्हाईच न्हाई."

"कुनाला कळनार हाय?"

"मला कळलंय की."

तिथं बोलणं संपलं. अण्णांनी ड्रम स्कूटरला बांधला आणि निघाले. मळ्यात न्यावा तर तिथं अजून धुरी चालू. बस्तीत न्यायचा प्रश्नच नव्हता. स्कूटर बोअरच्या वाटेनं गेली आणि कीर्तीच्या ट्रॅक्टरच्या शेडापाशी थांबली. कीर्ती आत ट्रॅक्टरला ग्रीस भरत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"कीर्ती."

"पानी सोडायचं आसंल तर गड्याला सांग."

"पानी न्हाई. जागा पायजे. तुज्या ढोलकीशेजारी."

कीर्तीनं ग्रीसचा हात पुसला. हळूहळू सगळं ऐकलं. ऐकताना त्याच्या मिशा हलत होत्या, पण त्यानं हसू दाबून धरलं. शेवटपर्यंत ऐकायचं होतं ना. तातेवर आल्यावर मात्र त्याला ट्रॅक्टरच्या चाकावर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाला, "भूप्या, माजी तर नुसती बकऱ्याची हुती रं! तुजा आख्खा गोठा निघाला!"

"हस. लय हस."

"आनि काय करनार? गप बसनार?"

"बसलो असतो," अण्णा म्हणाले. "पन तुजी ढोलकी मी भाईर काढली. आता माजा ड्रम आत कसा ऱ्हाईल?"

संध्याकाळी बस्तीत पथकाची तालीम होती. पोरं ड्रम लावून उभी, सम्मेद शिट्टी घेऊन. अण्णा रिकाम्या हातानं आले आणि पुढच्या रांगेच्या मधे न जाता सगळ्यांसमोर उभे राहिले. भाषण करायची सवय नव्हती, त्यामुळं एका दमात बोलले. "माजा ड्रम कातड्याचा हाय. मला ठावं नव्हतं, पन आता हाय. मी बैठकीत कीर्तीला बोललो ते चुकीचं न्हवतं, पन ते बोलायचा हक्क माजा न्हवता. माजी जागा तुमी कुनालाबी द्या."

पोरांत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि मागं बसलेले बस्तीचे पुजारी उपाध्येही हसले. सम्मेद म्हणाला, "अण्णा, नवा ड्रम देतो की. प्लास्टिकचा. जागा तुमचीच."

अण्णांनी तो नवा ड्रम घेतला, काठी मारली. डबा वाजला. त्यांनी तो आदरानं परत केला. "ह्यो मला ओळखत न्हाई," म्हणाले. "मी मागं झांजा वाजवतो."

महावीर जयंतीला पालखी निघाली. पुढच्या रांगेच्या मधोमध सम्मेदचा धाकटा चुलतभाऊ, नवा ड्रम, नवा उत्साह. आणि सगळ्यात शेवटी, पाण्याच्या टँकरच्या जरा पुढं, भूपालअण्णा आणि कीर्तीकुमार झांजा घेऊन. चौकात माड्यांवरच्या बायकांनी मान लांबवून अण्णांना शोधलं. सापडले तेव्हा बोटं दाखवली. गोष्ट तोवर घरोघर पोचली होती. ती कुणी पोचवली हे विचारण्यात अर्थ नाही, खिडकी उघडी होतीच. अण्णांचे कान लाल झाले, पण झांजेचा ताल चुकला नाही. कीर्ती मधूनच कानाशी लागून म्हणायचा, "म्हशीला डिझेल पाजलंस का रं?" आणि अण्णा त्याच्या झांजेवर आपली झांज आपटायचे.

पुढची रांग परत मिळाली नाही. त्या पोरानं बरं वाजवलं आणि लोकांच्या डोळ्यांना सवय लागली. मागच्या एक-दोन बैठकांत अण्णांचं नाव कुणी काढलं नाही, अण्णांनीही नाही.

ड्रम आता कीर्तीच्या शेडात असतो, भिंतीपासून जरा पुढं, सुती पंच्यात, पत्र्याचं ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात. अण्णा दर आठवड्याला जातात. पावसाची ओल असली की स्क्रू अर्धा फेरा कसतात, ऊन तापलं की अर्धा फेरा सोडतात, समोरासमोर, आडवे, कान लावून. घरी आले की त्रिशलाकाकू दारात पाण्याचा तांब्या ठेवतात. हात धुतल्याशिवाय आत नाही. कोरेगावहून मानसिंग एकदा मनुबाईला घेऊन येऊन गेला. तातेची एक जादा जुडी त्यानं आणली होती, कधी तुटली तर असू दे म्हणून. काकूंनी मनुबाईला किलोभर बेदाणा बांधून दिला, ते मात्र हसतमुखानं.

परवा दुपारी शेडातनं ड्रम आणि ढोलकी दोन्ही ऐकू येत होत्या. मधेच थांबल्या.

"चढीव जरा. माज्या ढोलकीखाली पडतोय तुजा."

"माजा बरोबर हाय. तुजी चढलीय."

"भूप्या, तुला चाळीस वर्सं कागद आनि कातडं कळलं न्हाई, सूर काय कळनार हाय?"

मग पुन्हा टकटक सुरू झाली. एका स्क्रूपाशी, मग त्याच्या समोरच्या.